टंकलेखन-शिक्षण, अध्ययन-अक्षम मुलांचे

वाचन, शुद्धलेखन वा हस्तलेखन यांत विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना कळफलकाकडे न पाहता सर्व बोटांनी टंकलेखन करण्यास शिकविण्याची पद्धती. अशा टंकलेखनास स्पर्शटंकलेखन म्हणतात. कळांची स्थाने डोळ्यांनी न शोधता बोटांच्या सवयीने ओळखणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. दोन्ही तर्जन्या ज्या कळांवर ठेवावयाच्या, त्यांवर लहान उंचवटे असतात. त्यांच्या आधारे हात जागेवर आहेत की नाहीत, हे न पाहताच समजते.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सहकारी यांच्या टंकलेखन यंत्रास १८६८ मध्ये एकस्व मिळाले. फ्रँक मॅगरिन या न्यायालयीन लघुलेखकाने २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनॅटी येथील स्पर्धेत कळांकडे न पाहता टंकलेखन करून विजय मिळविला आणि या पद्धतीकडे सर्वांचे लक्ष वेधले. साधारण त्याच काळात वाचनातील जन्मजात अडचणीचा अभ्यासही सुरू झाला. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने १८९६ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलगा बुद्धिमान होता. तथापि त्यास साधे शब्दही वाचता येत नसत. सर्व शिक्षण तोंडी असते, तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. डिस्लेक्सिया म्हणजे मंदबुद्धित्व नव्हे, ही गोष्ट येथेच स्पष्ट होते. पुढे सॅम्युएल ऑर्टन, अ‍ॅना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन यांनी अमेरिकेत पाहणे, ऐकणे आणि हाताची हालचाल यांच्या एकत्रित वापराने ध्वनी व अक्षर यांची सांगड घालणारी अध्यापनपद्धती विकसित केली. टंकलेखन-शिक्षणाचा आधार मुख्यत्वे हेच तत्त्व होय.

उपयोग : हाताने लिहिताना अक्षराचा आकार, वळण, ओळ, अंतर, शुद्धलेखन आणि आशय या सर्वांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. ज्या मुलाचे बहुतेक लक्ष आकार घडविण्यातच खर्च होते, त्याच्या मनातील विचार कागदावर तोकडे उतरतात. परिणामी त्याच्या अक्षरावरून त्याच्या बुद्धीचे मोजमाप होते. टंकलेखनात अक्षर घडवावे लागत नाही, निवडावे लागते. इंग्रजीतील बी आणि डी या लहान लिपीतील अक्षरांत अनेक मुलांचा गोंधळ होतो. कळांवर मात्र मोठ्या लिपीतील अक्षरे असतात व ती एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी नसतात. शिवाय डी डाव्या मधल्या बोटाने आणि बी सामान्यतः डाव्या तर्जनीने उमटते. त्यामुळे दृष्टीला न जाणवणारा भेद बोटांना जाणवतो. चूक खाडाखोडीशिवाय दुरुस्त होत असल्याने लेखनाची भीतीही कमी होते.

अध्यापनपद्धती : प्रथम मधल्या ओळीतील कळा, नंतर वरच्या व खालच्या ओळी असा क्रम ठेवतात. मूल अक्षराचा ध्वनी मोठ्याने उच्चारते, कळ दाबते व उमटलेले अक्षर पाहते. रोजचा थोडा वेळचा सराव साप्ताहिक दीर्घ तासापेक्षा हितकर ठरतो. आधी अचूकता, मग गती हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. महाराष्ट्रातील शासकीय टंकलेखन परीक्षांत मराठीसाठी मिनिटास ३० व ४० शब्द अशा गतीच्या पायऱ्या आहेत. व्यवसायासाठी योग्य असलेली ही कसोटी या मुलांना लावल्यास जुन्या अपयशात नव्या अपयशाची भर पडते.

देवनागरीतील टंकलेखन : जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटविताना वेलांटी आधी व क नंतर दाबावा लागे. इन्स्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकावर आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचाच क्रम असतो. स्वर प्रामुख्याने डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून क-ख, त-थ अशा जोड्या एकेका कळेवर आहेत. उच्चारावरून लेखनाकडे जाणाऱ्या मुलास ही रचना सोयीची ठरते.

मर्यादा : टंकलेखनाने डिस्लेक्सिया नाहीसा होत नाही आणि ते वाचनाच्या पद्धतशीर शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. प्रारंभीच्या इयत्तांत हाताने अक्षरे गिरविल्याने अक्षरओळख दृढ होते. म्हणून हस्तलेखन पूर्णपणे सोडून देणे इष्ट नसते. बोटांच्या हालचालींत समन्वय नसलेल्या मुलांना सराव अधिक काळ करावा लागतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला आहे. मात्र परीक्षेत संगणक वापरण्याची मुभा मिळाली, तरी बोटे आधी तयार झालेली नसतील, तर ती मुभा निरुपयोगी ठरते. म्हणून हे शिक्षण परीक्षेच्या वर्षी नव्हे, तर त्यापूर्वी काही वर्षे सुरू करणे आवश्यक असते.