नानी बारूदखान्यात जायच्या : घरातल्या कामकरी बाईचा माग कसा काढायचा

आमच्या बड्या खालांच्या शाळेच्या दाखल्यावरून घरात कायम हसणं व्हायचं. दाखला जुना, उर्दू शाळेचा. जन्माच्या ठिकाणासमोर जे लिहिलंय ते आम्ही सगळे 'खिडकी' असंच वाचायचो. खाला खिडकीत जन्मल्या, म्हणून त्यांना चिडवायचो.

२०१९-२० मध्ये एनआरसीची चर्चा सुरू झाली आणि मालेगाव महापालिकेत जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. घराघरात जुन्या पिशव्या, पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. आमच्याकडेही उघडल्या. तो दाखला पुन्हा हातात आला तेव्हा थोरले मामू शांतपणे म्हणाले, "खिडकी नहीं बेटा, खडकी. पूना वाली. अम्मी वहाँ बारूदखाने में जाती थी."

उर्दूत खिडकी आणि खडकी या दोन्ही शब्दांचे हिज्जे एकच. आम्ही आयुष्यभर एक शब्द चुकीचा वाचला आणि नानींच्या आयुष्याची काही वर्षं त्यात हरवून बसलो. आम्हाला नानी माहीत होत्या त्या घरात बसून कांड्या भरणाऱ्या. त्या कधीकाळी गेटवर हजेरी देऊन मजुरी करत होत्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं. थोडी लाज असावी, थोडा विसर.

आपल्या शहरात किदवाई रोडवर १९२१ च्या खिलाफत चळवळीतल्या शहिदांची यादगार आहे. पुरुषांची नावं दगडावर राहतात. बायकांच्या मजुरीची नोंद मात्र घरातसुद्धा राहत नाही. म्हणून नानींचा शोध घेताना जे शिकलो ते इथे लिहितोय. तुमच्या घरातही अशी एखादी दादी, नानी, फुफी असेल.

मालेगावची माणसं खडकीला का जातील?

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५ चाललं. आपलं शहर सुतावर जगणारं. युद्धात सूत महागलं, मिळेनासं झालं. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. सूत नाही तर माग बंद, आणि माग बंद तर चूल बंद. मामू सांगतात की नाना आधी एकटे गेले, मग नानी आणि मुलं. मनमाडला जायचं, तिथून दौंडमार्गे पुणे. तोच रस्ता आजही आहे.

खडकी तेव्हा लष्कराची छावणी. तिथली अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, बंदुकीची काडतुसं बनवणारी. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये शेजारी हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरी उभी राहिली, स्फोटकांसाठी. घरातले लोक मात्र अशी नावं घेत नाहीत. ते 'बारूदखाना' म्हणतात, 'कंपनी' म्हणतात, 'मिलिटरी का काम' म्हणतात. त्यामुळे घरात विचारताना कारखान्याचं नाव विचारू नका. काम काय होतं, ते विचारा.

पहिली पायरी : आठवणीतल्या खुणा

"दादी कारखान्यात होती का?" असं विचारलं की उत्तर 'नाही' किंवा 'पता नहीं' येतं. आम्ही मामूंना बारीकसारीक विचारत गेलो. सकाळी किती वाजता निघायच्या? डबा काय न्यायच्या? कपडे कसे असायचे? घरी आल्यावर आधी काय करायच्या?

मामू तेव्हा सहा-सात वर्षांचे. त्यांना दोन गोष्टी आठवल्या. एक, नानी कामावर जाताना हातातले चांदीचे कडे आणि केसातल्या पिना घरी काढून ठेवायच्या. दुसरी, त्यांच्या हाताचे तळवे पिवळे असायचे. धुतले तरी जायचे नाहीत. मामूंना वाटायचं ती हळद आहे.

या दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. स्फोटकांच्या कामात ठिणगी म्हणजे मौत. म्हणून अशा ठिकाणी धातूचे दागिने, पिना, आगपेटी, विडी असं काही आत नेता येत नाही. पिवळेपणाचं म्हणाल तर टीएनटी आणि टेट्रिल ही स्फोटकं हाताळणाऱ्यांची कातडी पिवळी पडते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गोळे भरणाऱ्या बायकांना लोक 'कॅनरी' म्हणायचे, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. त्यांचे केससुद्धा तांबूस व्हायचे आणि काहींना जीवघेणी कावीळ झाली.

पिवळे हात म्हणजे पुरावा झाला असं नाही. पण ही खूण सांगते की काम झाडलोटीचं किंवा डबे उचलण्याचं नसावं, स्फोटकाजवळचं असावं. पुढे कुठल्या कारखान्याला विचारायचं ते अशा खुणांवरून ठरतं.

वेळेची खूणही बघा. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामाला मनाई होती. म्हणून युद्धकाळातल्या बाईची हकीकत सहसा दिवसपाळीची असते. साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेला जोडून विचारा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं होतं. "गोदीचा धमाका झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?" या एका प्रश्नाने मामूंना साल सापडलं.

हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा. आज नको, पुढच्या जुम्याला बघू, असं करू नका. आमच्या मामूंना आता सकाळचं नाव संध्याकाळी आठवत नाही.

दुसरी पायरी : घरातले कागद

कामकरी बाई स्वतःच्या नावाच्या कागदात क्वचित सापडते. ती मुलांच्या आणि नवऱ्याच्या कागदात सापडते. म्हणून हे तपासा :

• मुलांचे शाळेचे दाखले. युद्धाच्या वर्षांत जन्मलेल्या मुलाचं जन्मठिकाण काय लिहिलंय? दाखला हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधून उतारा मागता येतो.

• निकाहनामा. त्यात बाईचं पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव असतं. पुढच्या शोधासाठी हेच नाव लागतं.

• जुनी पोस्टकार्डं आणि मनीऑर्डरच्या पावत्या. मजकूर नाही कळला तरी पोस्टाचा शिक्का गाव आणि तारीख सांगतो.

• गावाकडच्या शाखेसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात.

• छावणीतला जन्म असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं जन्म रजिस्टर. खडकीत मूल झालं असेल तर नोंद मालेगावात शोधून उपयोग नाही, ती खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे मागायची. अंदाजे साल, वडिलांचं नाव आणि मुलाचं नाव देऊन अर्ज करा.

तिसरी पायरी : नाव किती प्रकारे लिहिलं असेल?

इथे बहुतेक लोक अडकतात. कारकून जसं ऐकायचा तसं लिहायचा. एकच बाई एका कागदावर 'खातून', दुसऱ्यावर 'बी', तिसऱ्यावर 'बाई' असते. आडनावाचा घोळ आणखी मोठा. आपल्याकडे आज जे अन्सारी आहेत त्यांचे पणजोबा जुन्या नोंदीत मोमीन, शेख किंवा जुलाहा म्हणून असू शकतात. गावांचंही तेच. इंग्रजी कागदात खडकी म्हणजे 'किर्की' आणि पुणे म्हणजे 'पूना'. म्हणून शोधाआधी एका कोऱ्या कागदावर नावाची सगळी रूपं उर्दू, मराठी आणि इंग्रजीत लिहून घ्या.

काही ठिकाणी तर नावच नसतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहवलं होतं. हे उत्तरेकडच्या राज्यांत जास्त झालं. आपली कित्येक घराणी तिकडूनच आलेली. तेव्हा तिचं नाव दिसलं नाही म्हणून ती तिथे नव्हती असं धरू नका. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाने पुन्हा बघा.

चौथी पायरी : सरकारी दफ्तर

१ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खडकीचे दोन्ही कारखाने आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत, मुख्यालय पुण्यात. ही सरकारी कंपनी असल्याने माहिती अधिकार कायदा २००५ तिला लागू होतो.

अर्ज 'आरटीआय ऑनलाईन' या केंद्राच्या पोर्टलवर किंवा पोस्टाने करता येतो. फी १० रुपये, बीपीएल कार्ड असेल तर तीही नाही. कारण सांगावं लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या दफ्तरात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. २० वर्षांपूर्वीच्या गोष्टींची माहिती 'वैयक्तिक आहे' एवढ्या कारणावर अडवता येत नाही, ते कलम ८(३) मध्ये आहे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

अर्जात "आमच्या नानींची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. असं लिहा : १९३९ ते १९४६ या काळातल्या महिला कामगारांची सेवा नोंद, पगार रजिस्टर किंवा अपघात रजिस्टर आपल्याकडे आहे का? असल्यास पाहायला मिळेल का? नष्ट केलं असल्यास कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला? शेवटचा प्रश्न जरूर टाका. हजेरीपटासारखे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. युद्धापुरत्या घेतलेल्या हंगामी मजुरांचे तर जास्तच. पण नष्ट केल्याची नोंद हाही एक कागद आहे.

कामावर कुणी जखमी झालं होतं असं घरात बोललं जात असेल तर तेही अर्जात लिहा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता, त्यामुळे अपघाताचे कागद वेगळे असू शकतात.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या बघता येतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पुण्यातही त्याची शाखा आहे. तिथे तुमच्या दादीचं नाव मिळण्याची आशा कमी ठेवा. तिथे कारखान्यांच्या, मजुरीच्या, रेशनच्या फायली असतात. त्यातून ती कशा दिवसांत राबली ते समजतं.

आमचं कुठवर आलं?

खालांचा दाखला हातात आहे, मामूंचं रेकॉर्डिंग आहे, अर्ज गेले आहेत. नानींच्या नावाचा कारखान्याचा कागद अजून मिळालेला नाही.

पण घरात एक बदल झाला. आमच्या शिजऱ्यात नानांच्या नावाखाली रेघ आणि रेघेखाली फक्त मुलग्यांची नावं होती. आता नानांच्या शेजारी नानींचं नाव आहे, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. खाली चारही मुली आहेत. नानींच्या नावापुढे आम्ही पेन्सिलीने 'खडकी' लिहिलंय. कागद मिळाला की शाईने लिहू, इन्शाअल्लाह.