वहीत न उतरणारे तीन आकडे

हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी पालघर जिल्ह्यातल्या केळव्याला मुंबईकरांची झुंबड उडते. शीतलादेवीचं दर्शन, सुरूचं बन, पानवेलींच्या वाड्यांलगतचे घरगुती निवास. खोलीचं आरक्षण फोनवरच होतं, आगाऊ रक्कमही फोनवरूनच येते. अशा व्यवहारात कुणी ‘कार्डाचा पुढून-मागून फोटो पाठवा’ म्हटलं आणि पाहुण्याने तो पाठवला, तर त्या क्षणी कार्डाची मुख्य राखण संपते.

कार्ड उलटं करून पाहा. सहीच्या पट्टीजवळ तीन आकडे असतात, त्यांनाच सीव्हीव्ही म्हणतात. अमेरिकन एक्स्प्रेसवर चार, तेही दर्शनी बाजूला. जुन्या कार्डांवर क्रमांक उठावदार असे, हे आकडे मात्र सपाट छापलेले. दुकानातल्या यंत्रात कार्ड दाबून कार्बनची पावती काढली, की क्रमांक उमटे, हे आकडे उमटत नसत. ही युक्ती मोलाची होती. ज्याच्या हाती फक्त पावती, त्याला सीव्हीव्ही कळत नसे.

ब्रिटनमध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या मायकेल स्टोन यांनी १९९५मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा संकेतांक अकरा अक्षरांचा होता. मास्टरकार्डने आखूड रूप १९९७मध्ये आणलं, अमेरिकन एक्स्प्रेसने १९९९मध्ये. अमेरिकेत व्हिसाने २००१मध्ये.

आकडे मनाला येतील तसे छापत नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सेवा-संकेतांक बँकेच्या गुप्त किल्ल्यांनी कूटबद्ध करून ते काढतात. चुंबकीय पट्टीतला संकेतांक वेगळा, चिपमधला वेगळा, छापलेला तिसराच. म्हणून एटीएममध्ये स्किमर लावून पट्टी वाचणाऱ्याला ऑनलाइन खरेदीचे आकडे मिळत नाहीत. शिवाय पीसीआय या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार व्यवहाराला मंजुरी मिळाल्यावर व्यापाऱ्याने सीव्हीव्ही साठवायचाच नाही. संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली, तरी तो त्यात सापडू नये हा हेतू. या आकड्यांचं सगळं बळ ते दुसरीकडे कुठेही लिहून न ठेवण्यात आहे.

तरीही तीन आकड्यांच्या शक्यता हजारच. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं, की अनेक संकेतस्थळांवर थोडे थोडे प्रयत्न वाटून सीव्हीव्ही काही सेकंदांत हुडकता येतो. भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला आणखी एक पडताळणी सक्तीची केली. आजचा ओटीपी त्यातलाच. परदेशी संकेतस्थळं मात्र पुष्कळदा ओटीपी मागत नाहीत. तिथे हे तीन आकडेच शेवटची भिंत ठरतात, म्हणून परदेशी व्यवहाराची सोय गरज नसताना बंद ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या आदेशामुळे ती बँकेच्या अ‍ॅपवरून चालू-बंद करता येते.

भिंत शाबूत असूनही घर लुटलं जातं, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने अनुभवलं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच, म्हणजे व्यवहार मंजूर करणारी खोटी यंत्रणा, उभा केला, आणि बनावट कार्डांवर पैसे देण्याची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले. जिथे तपासणारीच यंत्रणा बाजूला सारली जाते, तिथे कार्डातले संकेतांक काय करणार? ती जबाबदारी बँकेचीच.

आपल्या वाट्याची जबाबदारी मात्र स्पष्ट आहे. त्रयस्थ कारणाने झालेला गैरव्यवहार बँकेची सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवला, तर ग्राहकावर तोशीस नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७चा नियम आहे. संकेतांक आपणच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. केळव्यात खोली देणाऱ्यांनी पाहुण्याकडून कार्डाचा फोटो मागू नये आणि पाहुण्यांनी तो पाठवू नये. फसवणूक झालीच, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० हा सायबर-फसवणुकीचा मदतक्रमांक फिरवा.