हेलियमची साक्ष

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात जॉन मायर यांच्यापुढे संशयित कधीचा उभा होता: साठ कार्बन अणूंचा पोकळ गोल, त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला. अडत होता तो पुरावा.

प्रकरण जुनं. १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत मेरी ली हेगर या विद्यार्थिनीला ताऱ्यांच्या वर्णपटात ५७८० आणि ५७९७ अँगस्ट्रॉमपाशी दोन पुसट पट्टे दिसले. जोडतारे एकमेकांभोवती फिरतात, तशा त्यांच्या वर्णरेषा मागेपुढे सरकतात. हे पट्टे मात्र जागचे हलत नाहीत, म्हणजे वाटेतलंच काहीतरी प्रकाश गिळतंय, हे १९३०च्या दशकात पॉल मेरिल यांनी पक्कं केलं. पुढे असे पट्टे पाचशेच्या वर सापडले. हेगरच्या त्या पहिल्या दोघांना आजही धनी नाही.

कार्बनच्या गोलावर संशय १९८०च्या दशकापासूनचा. मायर यांनी १९९३मध्ये तो गोल गोठलेल्या निऑनमध्ये कोंडून मोजला. पण निऑनच्या शेजारात तरंगलांबी जराशी ढळते. वर्षभरात फोइंग आणि एरनफ्रॉइंड या खगोलशास्त्रज्ञांना आकाशात त्याच सुमारास दोन पट्टे मिळाले. ‘सुमारास’वर कोण शिक्षा ठोठावणार? वाद वीस वर्षं चालला.

मोजमाप हवं होतं मोकळ्या, गारठलेल्या रेणूचं. सापळ्यात धरलेले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हे रेणू, इतके विरळ, की त्यांनी गिळलेला प्रकाश थेट मोजता येईना. तेव्हा मायर यांच्या गटाने केलेली युक्ती मला तरी या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. सापळा उणे २६७ अंशांपर्यंत थंड केला, की प्रत्येकी एखादा हेलियम अणू काही आयनांना अलगद चिकटतो. वस्तुमान ७२०चं ७२४ होतं. मग लेझरची तरंगलांबी हळूहळू बदलत न्यायची. आयनाने प्रकाश गिळला, की त्या ऊर्जेने हेलियम सुटून जातो. ७२४वाले कुठे घटतात, तेवढं मोजायचं!

ते घटले ९६३२.७ आणि ९५७७.५ अँगस्ट्रॉमला. आकाशातले पट्टे तिथेच होते. जुलै २०१५मध्ये ‘नेचर’ने हे छापलं.

तरी शंकेखोर हटले नाहीत. याच रेणूचे आणखी दुबळे पट्टे हवेतल्या बाष्पाच्या रेषांत बुडत होते, आणि जमिनीवरून केलेल्या वेधांवर त्यामुळे भांडण चालू राहिलं. ते मिटवायला वातावरणाबाहेरचा हबल कामी आला, २०१९मध्ये.