पन्नास ते साठ : दोन चौकटींमधली दहा वर्षे

इतिहासाचा विद्यार्थी आणि पुढे प्रशासक म्हणून मी एक गोष्ट शिकलो : राज्यसंस्था ज्याची नोंद ठेवते, त्याचीच काळजी घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील स्त्रियांची मुख्य मुलाखत १५ ते ४९ या वयोगटापुरती असते. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम साठीपासून लागू होतो. मधली दहा वर्षे या दोन्ही चौकटींबाहेर राहतात. आणि अनेक स्त्रियांचे गुडघे नेमके त्याच काळात दुखू लागतात.

भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी होते. त्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत कूर्चेच्या पेशी या संप्रेरकाला प्रतिसाद देतात. ते ओसरले की कूर्चेची घडण आणि झीज यांतला तोल ढळत असावा, असे संशोधक मानतात. दुबळे होणारे स्नायू आणि वाढते वजन यांची त्यात भर पडते. पन्नाशीनंतर गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस स्त्रियांत अधिक आढळतो, त्यामागचे हे एक संभाव्य कारण.

ओडिशातील एका ग्रामसभेत भातलावणी करणारी एक बाई माझ्यासमोर उभ्यानेच बोलत राहिली. बसण्याचा आग्रह केला, तेव्हा म्हणाली, "बसले तर उठवायला दोघी लागतील, साहेब." तिला कॅल्शियमच्या गोळ्या मिळत होत्या. त्या हाडांसाठी असतात, कूर्चेची झीज त्यांनी थांबत नाही, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती तिशीतही ओढवते. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये राज्यांना तीन महिन्यांत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यास सांगितले. त्या आदेशाची अंमलबजावणी हा सांध्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. पण तो शेवटचा उपाय होय. संप्रेरकोपचार हे झिजेवरचे सरसकट उत्तर नाही. वजनावर ताबा आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. मधुमेह व रक्तदाबासाठी तिशीपुढील सर्वांची तपासणी करण्याची व्यवस्था आपल्याकडे आहेच. त्याच भेटीत पंचेचाळिशीच्या स्त्रीला पाळी आणि गुडघे यांविषयी दोन प्रश्न विचारता येतील. त्याला नवे खाते लागत नाही. नोंदवहीत दोन रकाने पुरेत.