नोराच्या घरातील किल्ल्या

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. त्याचा शेवट सर्वश्रुत आहे. नोरा घर सोडून जाते आणि खालचे दार लागल्याचा आवाज प्रेक्षकांच्या कानी पडतो. नोरा क्षणिक संतापाच्या भरात गेली, असा समज त्यावरून अनेकांचा होतो. ते दार लागण्याची तयारी वस्तुतः पहिल्या अंकापासूनच चाललेली असते, आणि ती घरातील साध्यासुध्या वस्तूंनी केलेली असते. दार लागल्यावर पुढे काय, हे मात्र इब्सेनने सांगितलेले नाही. शंभरांहून अधिक वर्षांनी तो प्रश्न आपल्याकडे, हैदराबादच्या उच्च न्यायालयापुढे, निराळ्या रूपाने उभा राहिला.

वास्तववादी नाटकातील प्रतीक काव्यातील प्रतीकाहून वेगळे असते. ते आधी खरीखुरी वस्तू असावे लागते. अर्थ त्याला मागाहून चिकटतो. नोराच्या दिवाणखान्यात नाताळचे झाड येते, ते सण आहे म्हणून. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा त्याच झाडावरील शोभा ओरबाडली गेलेली असते आणि मेणबत्त्या जळून त्यांची थोटके उरलेली असतात. कोणतेही पात्र त्यावर भाष्य करीत नाही. परंतु सणाचा देखावा संपत आल्याचे प्रेक्षक ओळखतो. नवऱ्याने मना केलेली मिठाई नोरा चोरून खाते आणि खाल्ली नाही म्हणून सांगते. वस्तू क्षुल्लक, पण या संसारात खरे बोलण्याची सोय नाही, हे तिच्यावरून समजते.

या सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दारावरची पत्रपेटी. टोर्वल्डच्या आजारपणात त्याला इटलीस नेण्यासाठी नोराने त्याच्या नकळत कर्ज काढलेले असते. पतीच्या संमतीवाचून पत्नीला कर्ज काढता येत नसे. म्हणून तिने जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली, आणि तीही त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची तारीख घालून. सावकार क्रॉग्स्टॅड हे सारे उघड करणारे पत्र पेटीत टाकतो. पेटीला काच आहे, पत्र डोळ्यांना दिसते. पण किल्ली असते टोर्वल्डपाशी. नोरा केसांतील आकड्याने कुलूप उघडू पाहते आणि तो आकडा मोडतो. त्याने पत्र वाचू नये म्हणून ती टारांटेला नाचाची तालीम त्याच्यासमोर बेभान होऊन करते. नवऱ्याला ती हौस वाटते. प्रेक्षकाला मात्र ती जिवाची धडपड दिसते.

आपल्याकडे कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचणारी स्त्री घरची मालकीण समजली जाते. नोरापाशीही घराच्या किल्ल्या आहेत; निघताना ती त्या टोर्वल्डला परत देते आणि अंगठ्यांची परतफेड होते. कोठीच्या किल्ल्या जिच्या हाती, तिच्या हाती पत्रपेटीची किल्ली नाही, या एका विसंगतीत आठ वर्षांच्या संसाराचे सारे चित्र सामावले आहे. घर चालविण्याची जबाबदारी तिची. बाहेरच्या जगाशी व्यवहार करण्याचा अधिकार त्याचा. म्हणूनच अखेरीस ती त्याला मेजासमोर बसविते आणि विवाहानंतर आपण प्रथमच गंभीरपणे बोलत आहोत, याची जाणीव करून देते.

हा शेवट पचविणे समाजाला जड गेले. जर्मनीत एका अभिनेत्रीने, आपण मुलांना सोडून जाणारी आई रंगविणार नाही, असा आग्रह धरला. दुसऱ्या कोणी नाटकाची मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी, या विचाराने इब्सेनने १८८० साली निराळा शेवट लिहून दिला. त्यात निजलेल्या मुलांच्या दाराशी नोरा कोसळते आणि घरीच राहते. हा शेवट नाटकावरील अत्याचार आहे, असे त्याचे स्वतःचेच मत होते.

मराठी रंगभूमीवर अनंत काणेकरांनी हे नाटक ‘घरकुल’ या नावाने आणले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ सादर केले, त्यामागेही इब्सेनची प्रेरणा होती. ज्योत्स्ना भोळे यांनी रंगविलेली भानुमती चित्रपटात काम करून पैसा मिळविते आणि नवऱ्याचा अहंकार दुखावतो. नोराला कर्ज लपवावे लागले. भानुमतीची कमाई उघड होती. तरीही संसारात समता आली नाही, हे रांगणेकरांनी ओळखले.

योगायोग असा की, १९८३ साली हैदराबादला आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे आलेल्या दाव्यातील पत्नीही चित्रपट अभिनेत्रीच होती. तिने परत नांदावयास यावे, म्हणून पतीने कडप्प्याच्या न्यायालयात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली अर्ज केला होता. न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरविले. सहवास हा व्यक्तीच्या अगदी खाजगी निर्णयाचा विषय असून त्याची सक्ती शासनाने करणे समतेला व व्यक्तिस्वातंत्र्याला बाधक आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वेगळे मत दिले. विवाह मोडू नये, दोघांत समेट व्हावा, हा या कलमाचा हेतू आहे, असे मानून ते कायम ठेवले. हे कलम पती वा पत्नी कोणालाही वापरता येते. आदेश न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

दोन्ही न्यायालयांना विवाहाचीच चिंता होती. एकाने त्यातील व्यक्तीकडे पाहिले, दुसऱ्याने संस्थेकडे. टोर्वल्ड आणि नोरा यांच्या शेवटच्या संवादातही हाच वाद आहे. तो तिला पत्नी आणि माता म्हणून कर्तव्याची आठवण देतो. ती म्हणते, आपण प्रथम माणूस आहोत. या नाटकाचा अभ्यास करणाऱ्याने नोरा बरोबर की चूक, हा निवाडा थोडा लांबणीवर टाकावा. आधी घरातील कोणती किल्ली कोणाच्या हाती आहे, हे अंकाअंकांतून पाहावे. मग दार का लागले, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.