जर्मनीतलं ल्यूट वह्यांनी वाचवलं, चेंबूरची रुद्रवीणा मात्र माणसांनी

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा आणि आपल्या चेंबूरचा काही संबंध आहे असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. पण या दोन्ही ठिकाणी एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली. प्रश्न असा की, हळू आवाजाचं, चार जाणकारांसमोर वाजवायचं दरबारी वाद्य दरबारी दिवस संपल्यावर जगतं कसं?

आधी ड्रेस्डेनचं बघू.

सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस हा 1687 साली जन्मलेला ल्यूटवादक. ल्यूट म्हणजे अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखं फुगीर पाठीचं तंतुवाद्य. 1718 पासून वाइस ड्रेस्डेनच्या दरबारात होता. योहान सेबास्टियन बाख त्याला ओळखायचा. दोघंही 1750 मध्येच वारले.

त्यानंतर मोठ्या आवाजाच्या वाद्यांचे दिवस आले आणि ल्यूट मागे पडलं. वाइसच्या रचना त्याच्या हयातीत फारशा छापल्या गेल्या नव्हत्या, पण हाताने लिहिलेल्या वह्या उरल्या. कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं हे त्यांत अक्षरांनी मांडलेलं होतं. त्यामुळे विसाव्या शतकात वादकांनी त्या वह्या उघडल्या आणि वाइस पुन्हा वाजू लागला. आज त्याच्या 600 हून जास्त रचना उपलब्ध आहेत.

आता चेंबूरला येऊ.

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचा जन्म 1929 मध्ये उदयपूरला झाला. वडील झियाउद्दीन खाँ डागर तिथल्या महाराणांच्या दरबारात होते. घराणं ध्रुपद गाणाऱ्यांचं. घरात रुद्रवीणा असायची, पण ती मुख्यतः स्वरांचा अभ्यास पक्का करण्यासाठी. 1948 मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झालं आणि दरबाराचा आधार गेला. पुढे झिया मोहिउद्दीन मुंबईत आले आणि चेंबूरला राहिले.

रुद्रवीणा म्हणजे एक लांब पोकळ दांडी, तिच्याखाली दोन मोठे भोपळे आणि वर पडदे. हिलाच बीन म्हणतात आणि वाजवणाऱ्याला बीनकार. (नागपंचमीची पुंगी वेगळी बरं का.) डागरांनी या वाद्यातच बदल केले. भोपळे मोठे केले, दांडी आणि तारा जाड केल्या. बोटातली तारेची नखी काढून टाकली. वीणा खांद्यावर घेण्याऐवजी समोर आडवी धरली.

हे कशासाठी? तर आस वाढावी म्हणून. आस म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद. ध्रुपदाच्या आलापात गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, तो सावकाश सरकत जातो. तसंच वीणेवर करायचं तर तार ओढून मींड घ्यावी लागते. मींड पूर्ण व्हायच्या आत नाद विझला तर सगळं फुकट. जाड तार आणि मोठा भोपळा यांनी तो वेळ मिळवून दिला.

आणि इथेच वह्यांचा उपाय संपतो. कोमल गंधार लिहिता येतो. पण तो या रागात किती खाली, तिथे किती वेळ थांबायचं, तार किती जोराने ओढायची, हे कागदावर उतरत नाही. ते गुरूसमोर बसून, चुकत चुकत कानात आणि बोटांत उतरतं.

म्हणून डागरांचं दुसरं मोठं काम म्हणजे शिकवणं. घराण्याबाहेरच्यांनाही त्यांनी मोकळेपणाने शिकवलं. ऋत्विक सान्याल त्यांच्याकडे ध्रुपद गायन शिकले, पुष्पराज कोष्टी सूरबहार शिकले. अमेरिकेतही त्यांनी विद्यार्थी घडवले. पनवेलजवळ पळस्पे इथे गुरुकुल उभं राहिलं. पळस्पे फाटा म्हणजे आपल्यासाठी गोव्याला जाताना लागणारं वळण, पण जगभरच्या ध्रुपदवाल्यांना ते गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे.

1990 मध्ये झिया मोहिउद्दीन गेले. तेव्हा त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन जेमतेम विशीचे होते. आज ते रुद्रवीणेच्या आघाडीच्या वादकांपैकी आहेत आणि शिकवतातही. धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर यांनी 2013 पर्यंत गायनाची तालीम चालू ठेवली. पुण्याचे उदय भवाळकर त्याच तालमीतले.

तुम्ही म्हणाल, आता रेकॉर्डिंग आहेत की! आहेत आणि ती मोलाची आहेत. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ हा माहितीपट दोन्ही भावांवरच आहे. पण रेकॉर्डिंग काय वाजलं ते सांगतं, बोटाने ते कसं साधलं ते नाही. ल्यूट बराच काळ झोपून पुन्हा उठू शकलं. रुद्रवीणेची शिकणारी एक पिढी गळाली तर पुढच्या पिढीला उघडायला वही नाही.

ऐकायचं असेल तर एक करा. फोनच्या स्पीकरवर लावू नका, तो खर्जातले स्वर खाऊन टाकतो. हेडफोन लावा, झिया मोहिउद्दीन यांचा यमन लावा आणि पहिली दहा मिनिटं पुढे ढकलू नका. प्रत्येक स्वर विझेपर्यंत ऐका. एवढ्यासाठीच तर त्यांनी वीणेचे भोपळे वाढवले होते.