खांदेरीचा दिवा किल्ल्याचाच

काळेवाडी-चिंचवडची मंडळी सुट्टी मिळाली की लोहगड गाठतात. त्याच लोहगडासोबत जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला खांदेरी हा बेटावरचा किल्ला मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. बेटावर गेलं तरी तिथल्या दीपस्तंभाकडे लक्ष देण्याचं कारण अनेकांना वाटत नाही. किल्ला शिवाजी महाराजांचा, दिवा इंग्रजांचा, अशी वाटणी मनात आधीच झालेली असते. ही वाटणी इतिहासाला धरून नाही. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेली जागा, हेच तिथे किल्ला बांधण्याचं कारण आणि तेच दिवा लावण्याचंही.

१६७९ मध्ये महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांनी बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी लगेच जहाजं धाडली, कारण इथून मुंबईला ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर राहणार होती. पण ती जहाजं शिडांची. वारा पडला की अडकायची. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून बेटावर रसद पोचवत राहिल्या. ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या मराठा आरमारानं ‘डव्ह’ नावाचं इंग्रजी गुराब जहाज पकडलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. १७१८ मध्ये मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळातही इंग्रजांचा हल्ला फसला. पुढे बेट ताब्यात आल्यावर त्याच इंग्रजांनी १८६७ मध्ये तिथे अष्टकोनी दीपस्तंभ उभारला. आज हे बेट आणि दिवा कान्होजी आंग्र्यांच्याच नावानं ओळखले जातात.

हा दिवा साम्राज्याच्या व्यापारासाठी होता, हा आक्षेप खराच आहे. पण त्याचा उजेड समोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावच्या कोळ्यांच्या होड्यांनाही मिळाला. आता चाकणच्या कारखान्यांतल्या मोटारी जहाजावर चढतात त्या मुंबई बंदरात, म्हणजे याच दारातून. जीपीएस आल्यावर दिवे हवेत कशाला, असंही विचारलं जातं. उपग्रहाचा संदेश बिघडू शकतो, मुद्दाम बिघडवताही येतो. डोळ्यांना दिसणारा दिवा ही त्याहून वेगळी, स्वतंत्र खूण आहे. प्रत्येक दीपस्तंभाच्या लुकलुकण्याचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे खलाशाला दिवा कुठला ते ओळखता येतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे उंचीही महत्त्वाची: पाण्यापासून ५० मीटरवरचा दिवा समुद्रसपाटीवरून साधारण २५ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. २०२१ च्या कायद्यानं जुन्या दीपस्तंभांना वारसा म्हणून जपण्याची सोयही केली आहे.

तेव्हा खांदेरीला गेलात तर चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा, कोळ्यांचा वेताळ आणि आघात करताच धातूसारखा वाजणारा दगड पाहाच, पण दीपस्तंभापाशीही तेवढाच वेळ थांबा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. एरवीही परवानगीची खातरजमा आणि थळला होडीची चौकशी करूनच निघा.